चंद्रपूरच्या हवेतला पारा: ‘बीडीएल’ हे उत्तर नव्हे

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
प्रत: मा. प्रादेशिक अधिकारी, चंद्रपूर

सविनय नमस्कार.

माझी मागणी एकच आहे. चंद्रपूर शहर आणि त्याभोवतीच्या कोळसा, वीज आणि सिमेंटच्या पट्ट्यात बाहेरच्या हवेतला पारा मंडळाने नियमित मोजायला सुरुवात करावी, आणि तो पाऱ्याला लागू पडणाऱ्या पद्धतीनेच मोजावा. या मागणीचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना त्याच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. मोजलेच नाही, तर आपल्याजवळ माहिती नाही एवढे तरी सगळ्यांना ठाऊक असते. भलत्या पद्धतीने मोजून कागदावर ‘बीडीएल’ (मोजता न येण्याइतके कमी) असा शेरा उमटला, की तोच शेरा पुढे वर्षानुवर्षे पुरावा म्हणून फिरत राहतो.

मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. आमच्या जिल्ह्यात नवी खाण, नवा वीज संच किंवा सिमेंटची नवी भट्टी यायची असली, की जनसुनावणीआधी त्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मिळवून वाचतो. औष्णिक प्रकल्पांना अभ्यासाची रूपरेषा ठरवून देताना केंद्रीय पर्यावरण मंत्रालय हवेतला पाराही मोजायला सांगते. त्यामुळे तक्त्यात पाऱ्याचा रकाना असतोच. पण त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुधा एकच शेरा असतो: बीडीएल, म्हणजे मोजता येण्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी. ती मर्यादा कोणती, हे कित्येक अहवालांत लिहिलेलेच नसते. एका अहवालात लिहिली होती: घनमीटरला १ मायक्रोग्रॅम.

या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. उत्तर गोलार्धात कारखान्यांपासून दूर, स्वच्छ समजल्या जाणाऱ्या हवेत घनमीटरला साधारण १.३ ते १.६ नॅनोग्रॅम पारा असतो. १ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. त्या गावची हवा स्वच्छ हवेच्या पाचशेपट पाऱ्याने भरलेली असती, तरी तक्त्यात ‘बीडीएल’च छापून आले असते. असा तक्ता हवेविषयी काहीच सांगत नाही. वापरलेली पद्धत किती जाड होती, एवढेच त्यातून कळते.

ही चूक होते कशी, ते मंडळाच्या प्रयोगशाळांना मी सांगावे असे नाही. पण पत्र खुले आहे आणि ते वाचणाऱ्या चंद्रपूरकरांना ते कळायला हवे, म्हणून लिहितो. आपल्याकडे हवेतले धातू मोजायची सवय धुळीच्या मार्गाने लागली. छतावर सॅम्पलर ठेवायचा, फिल्टर पेपरवर धूळ गोळा करायची, तो पेपर आम्लात उकळायचा आणि द्रावण यंत्रात घालायचे. शिसे, निकेल, आर्सेनिक यांच्यासाठी ही रीत योग्य आहे, कारण ते धुळीच्या कणांवर बसून येतात. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत जड धातूंची यादी असते, तिच्यात पाराही याच धातूंच्या शेजारी लिहिलेला असतो. यादीत शेजारी असला, तरी हवेत तो त्यांच्यासारखा वागत नाही. बाहेरच्या हवेतला ९५ टक्क्यांहून अधिक पारा सहसा वायुरूपात असतो, मूलद्रव्य म्हणून एकेकट्या अणूंच्या रूपात. तो फिल्टर पेपरमधून आरपार निघून जातो, चाळणीतून पाणी जावे तसा. धुळीवर जो थोडा बसलेला असतो, त्यातलाही काही भाग पेपर उघड्या भांड्यात आम्लात उकळताना वाफ होऊन उडतो. अशा रीतीने पारा शोधला, तर तो सापडणारच नाही.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतच आहे आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. हवेतला सल्फर डायऑक्साइड हाताने मोजायची आपल्याकडची प्रमाणित रीत म्हणजे सुधारित वेस्ट-गेक पद्धत. तिच्यात हवा ज्या शोषक द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतात, ते द्रावण मर्क्युरिक क्लोराइडपासून बनवतात, लिटरला दहा ग्रॅमहून अधिक. सांडपाण्यातली घाण मोजणाऱ्या सीओडी चाचणीत मर्क्युरिक सल्फेट पडते. म्हणजे ज्या ओट्यावर रोज ग्रॅमच्या हिशेबात पाऱ्याचे क्षार हाताळले जातात, त्याच ओट्यावर आपण नॅनोग्रॅमचा, ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा, नमुना उघडणार. तिथल्या हवेत, हातमोज्यांवर, काचेच्या भांड्यांवर मुरलेला पारा नमुन्यात गेल्याशिवाय राहणार नाही. म्हणून चुकीचे निकाल नेहमी कमीच येतील असेही नाही, उद्या भरमसाट जास्तही येतील. पाऱ्यासाठी वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी माणसे हवीत, आणि प्रत्येक खेपेला ज्यांत हवा ओढलेलीच नाही असे कोरे नमुने, म्हणजे ब्लँक, असलेच पाहिजेत. ब्लँकचे आकडे अहवालात छापले पाहिजेत. ते नसतील, तर उरलेला तक्ता कुणी वाचू नये.

मग पारा पकडायचा कशाने? सोन्याने. सोने आणि पारा एकमेकांना धरतात हे आपल्या सराफ्यातल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि हवेतला पारा मोजण्याची जगभरची मुख्य पद्धत त्याच गुणावर उभी आहे. क्वार्ट्‌झच्या नळीत सोन्याचा मुलामा दिलेली वाळू किंवा मणी भरतात आणि त्यातून ठरलेल्या वेगाने हवा ओढतात. पारा सोन्यावर चिकटतो, बाकीची हवा निघून जाते. मग नळी काही शे अंशांपर्यंत तापवून आर्गॉन वायूच्या झोतात पारा सोडवतात, बहुधा तो दुसऱ्या सोन्याच्या नळीवर पुन्हा पकडून पुन्हा सोडतात, आणि त्याच्यावर २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात. पाऱ्याचे अणू तो प्रकाश शोषून तसाच परत फेकतात, आणि त्या चमकेवरून पाऱ्याचे वजन निघते. दोन सोन्याच्या नळ्या आलटून पालटून चालवणारी स्वयंचलित यंत्रे दर पाच मिनिटांना एक आकडा देतात आणि घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅमपर्यंतचा पारा त्यांना दिसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ मध्ये बाहेरच्या हवेतल्या पाऱ्यासाठी आयओ-५ नावाची पद्धत लिहून ठेवली. युरोपने २०१० मध्ये वायुरूप पाऱ्यासाठी ईएन १५८५२ आणि जमिनीवर उतरणाऱ्या पाऱ्यासाठी ईएन १५८५३ ही मानके केली. आपल्याला शून्यापासून काही शोधून काढायचे नाही.

पण सोन्याची नळीही आंधळेपणाने वापरता येत नाही. दमट हवेने, क्लोरीनने, काही सेंद्रिय वाफांनी सोन्याचा पृष्ठभाग निकामी होतो आणि तो पारा कमी धरू लागतो. कारखान्यांच्या चिमण्यांच्या सावलीत आणि आमच्या पावसाळ्यात हे घडणारच. म्हणून आत येणारी हवा थोडी तापवून आणि सोडा-लाइममधून गाळून घ्यावी लागते, आणि नळ्यांची तपासणी वारंवार करावी लागते.

अंशांकनाबद्दल, म्हणजे कॅलिब्रेशनबद्दल, जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते आमच्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होण्याचा संभव आहे. यंत्राला प्रमाण म्हणून बंद भांड्यात थोडा द्रव पारा ठेवतात आणि त्याच्या वरची, पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झालेली हवा बारीक सिरिंजने काढून यंत्रात टोचतात. २० अंश सेल्सिअसला त्या हवेच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १३ नॅनोग्रॅम पारा असतो. बाहेरच्या आठ-नऊ घनमीटर स्वच्छ हवेत मिळून असतो, तेवढा पारा त्या एका मिलिलिटरात! आणि भांड्याचे तापमान एका अंशाने बदलले, की हे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जाणाऱ्या गावात, वीज ये-जा करणाऱ्या खोलीत, ते भांडे अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर ठेवावे लागेल. ते जमले नाही, तर यंत्र लाखमोलाचे असूनही आकडे बिनमोलाचे ठरतील. यंत्र विकत घेण्याच्या निविदेत स्थिर तापमानाची खोली, आर्गॉनचा पुरवठा आणि निदान दोन प्रशिक्षित माणसांची कायम नेमणूक यांची तरतूद असलीच पाहिजे. यंत्रे येतात, उद्‌घाटन होते आणि सिलिंडर संपला म्हणून ती झाकून ठेवली जातात, हे सरकारी महाविद्यालयांत ज्यांनी नोकरी केली त्यांना नवे नाही.

हवेत पारा तीन रूपांत असतो: मूलद्रव्याच्या वाफेत, ऑक्सिडीकरण झालेल्या वायुरूप संयुगांत आणि धुळीवर बसलेला. पहिला हवेत महिनोन्‌महिने राहतो आणि जगभर फिरतो. दुसरा आणि तिसरा प्रमाणाने अत्यल्प असतात, पण ते पाण्यात विरघळतात, पृष्ठभागाला चिकटतात आणि उगमाच्या आसपासच्या मुलखात उतरतात. चंद्रपूरच्या तळ्यांसाठी आणि जंगलासाठी म्हणूनच तेही महत्त्वाचे आहेत. ते वेगळे मोजण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचा लेप दिलेल्या नळ्या जगभर वापरल्या गेल्या. पुढे असे दिसून आले, की ओझोन आणि दमटपणा यांमुळे या नळ्या पकडलेला पारा परत सोडतात आणि खरे प्रमाण बरेच कमी दाखवतात. आता त्यासाठी आयन पकडणाऱ्या पटलांचा वापर वाढतो आहे, पण त्या रीती अजून संशोधनाच्या पायरीवर आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मंडळाने पहिल्या दिवसापासून तिन्ही रूपांचा हट्ट धरू नये. आधी एकूण वायुरूप पारा विश्वासाने मोजावा. उतरणारा पारा मोजण्याच्या अधिक सोप्या वाटा आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

सुरुवातीलाच महागडे यंत्र हवे, असेही मी म्हणत नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी विकसित केलेला, विजेशिवाय चालणारा एक पॅसिव्ह सॅम्पलर गेली काही वर्षे अनेक देशांत वापरात आहे. त्यात गंधकाचा पुट दिलेला सक्रिय कोळसा असतो, त्याभोवती सच्छिद्र कवच आणि वर पाऊस अडवणारे झाकण. डबी उघडून टांगायची, तीन महिन्यांनी बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. ती दिवसाला सुमारे ०.१ घनमीटर हवेतला पारा शोषते. म्हणजे तीन महिन्यांत स्वच्छ हवेतही दहा-पंधरा नॅनोग्रॅम पारा गोळा होतो, आणि तो कोळसा जाळून मोजता येतो. सॅम्पलरला पंप नको, वीज नको, राखणदार नको. तो तासातासाचा चढउतार सांगणार नाही, पण कोणत्या गावाच्या हवेत पारा जास्त, हे तो विश्वासाने सांगतो. आम्हाला आज सगळ्यात आधी तेच हवे आहे.

हे सॅम्पलर ऊर्जानगर, दुर्गापूर, तुकूम, पडोली, घुग्घुस, बल्लारपूर, भद्रावती, राजुरा, गडचांदूर इथे लावावेत. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ एक, आणि मूल किंवा सिंदेवाहीकडे, या पट्ट्यापासून दूर, तुलनेसाठी दोन-तीन. राखेच्या बंधाऱ्याजवळ आणि जिथे उघड्या खाणीत कोळसा आपोआप पेटून धुमसत राहतो तिथेही लावावेत. धुमसणारा कोळसा पारा सोडतो आणि त्याच्यावर कुठलीच चिमणी नसते, त्यामुळे तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. अशा जागा हुडकायला हातात धरून किंवा गाडीत ठेवून फिरवता येणारी झीमन पद्धतीची यंत्रे उपयोगी पडतात. त्यांना सोन्याची नळी लागत नाही आणि ती क्षणोक्षणी आकडा दाखवतात, मात्र स्वच्छ हवेच्या पातळीवर त्यांच्यावर फार विसंबू नये. सॅम्पलर कुठे लावू नयेत, हेही सांगतो: महाविद्यालयांच्या छतावर लावू नका. हवेची यंत्रे ठेवायला महाविद्यालये सोयीची वाटतात, पण खाली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असते, तिच्या फरशीच्या फटींत कित्येक वर्षे फुटलेल्या थर्मामीटरांचा पारा असतो आणि तिचा पंखा छतावरच उघडतो. जुनी रुग्णालये आणि दंतचिकित्सालये यांचेही तसेच.

पॅसिव्ह सॅम्पलरांतून चित्र दिसू लागले, की मग एक स्वयंचलित यंत्र शहरात बसवावे आणि त्याच्या शेजारी वाऱ्याची दिशा, सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजावेत. पाऱ्याचा आकडा चढतो तेव्हा वारा कुठून आला आणि बरोबर सल्फर चढला की नाही, यावरून उगम वीज केंद्र आहे, जळणारा कचरा आहे की तापलेली जमीन, हे ओळखता येते. उन्हाळ्यात जमिनीतूनही पारा पुन्हा हवेत उठतो, म्हणून एका ऋतूच्या मोजणीवर निष्कर्ष काढता येणार नाही. निदान दोन वर्षे सलग मोजावे लागेल. पर्यावरण अहवालांची ‘पावसाळा सोडून एक ऋतू’ ही रीत पाऱ्यासाठी पुरेशी नाही.

उतरणाऱ्या पाऱ्यासाठी पावसाचे पाणी गोळा करावे, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात, शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल घालून. साध्या पॉलिथिनच्या बाटलीतून पाऱ्याची वाफ आतबाहेर होते, म्हणून ती चालणार नाही. आणि ताडोबाच्या काठचा पालापाचोळा तपासावा. झाडाची पाने हवेतला पारा श्वासाबरोबर आत घेतात आणि गळताना जमिनीला देतात. जंगलात पारा उतरण्याची ती एक मोठी वाट आहे. साग दरवर्षी पाने गाळतो, ती ठरलेल्या जाळ्यांत जमवून, वाळवून, तपासून वर्षाचा हिशेब मांडता येतो. यासाठी वन विभागाची परवानगी आणि थोडी माणसे एवढेच लागेल. कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडल्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या शेवाळातला आणि दगडफुलातला पारा मोजून हवेतल्या प्रदूषणाचा माग काढला होता. पुढे २०१० ते २०१५ या काळात उभ्या राहिलेल्या पारा मोजणीच्या जागतिक जाळ्यातही कोडाईकनालला एक केंद्र होते. म्हणजे हे काम भारतात झालेले आहे, आपल्याच शास्त्रज्ञांनी केलेले आहे.

आता मंडळाकडून येऊ शकणाऱ्या उत्तरांकडे वळतो.

पहिले उत्तर: बाहेरच्या हवेतल्या पाऱ्यासाठी मानकच नाही. हे खरे आहे. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषके आहेत, त्यांत पारा नाही. रोजचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात, त्यांतही नाही. पण १९८१ च्या वायू कायद्याचे कलम १७ राज्य मंडळावर हवेच्या प्रदूषणाची माहिती गोळा करण्याचे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम सोपवते. माहिती गोळा करायला आधी मानक असावे लागते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट, मोजलेलेच नसेल तर केंद्राने मानक ठरवायचे कशावरून? शिवाय पाऱ्याचे प्रदूषण आवरण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार भारताने १८ जून २०१८ रोजी मान्य केला आहे. त्याचा १९ वा अनुच्छेद पर्यावरणातल्या पाऱ्याच्या प्रातिनिधिक मोजणीबद्दलही आहे.

दुसरे उत्तर: हवेतला एवढा पारा श्वासावाटे अपाय करत नाही. तेही बऱ्याच अंशी खरे आहे, आणि चंद्रपूरकरांना उगाच घाबरवण्याची माझी इच्छा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि आमच्या हवेत तेवढा पारा असेल असे मला वाटत नाही. पण पाऱ्याचा मोठा धोका श्वासातून येतच नाही. हवेतून तो तळ्यात उतरतो, तळाच्या गाळात प्राणवायू नसतो तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि तो शैवालापासून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साठत वर चढतो. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मरळीसारख्या माशात तो सगळ्यात जास्त साठतो. गरोदर बाईच्या ताटातून तो पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. इरई धरण वीज केंद्रासाठी बांधले आणि शहराला पाणीही तिथूनच येते. त्या जलाशयात आणि वर्धेच्या पात्रात जाळे टाकणारे ढिवर बांधव रोज तो मासा खातात. त्यांच्यासाठी हवेतला नॅनोग्रॅम हा किरकोळ आकडा नाही. श्वासाच्या मर्यादेवर बोट ठेवून प्रश्न बंद केला, तर ही सगळी माणसेच हिशेबातून गळतात.

तिसरे उत्तर: चिमणीवर पाऱ्याची मर्यादा आहे आणि ती पाळली जाते. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने कोळशाच्या वीज केंद्रांना घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, ही मर्यादा घातली. जुन्या संचांत ती ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्यांनाच लागू आहे. इथे थोडे गणित करू. आपल्या कोळशात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम पारा धरा. एक किलो कोळसा जळून साधारण सहा घनमीटर धूर होतो. कोळशातला सगळाच्या सगळा पारा धुरात गेला, काहीही पकडला नाही, तरी घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम भरतो. मर्यादा ३०. म्हणजे सर्वसाधारण कोळशासाठी ही मर्यादा काहीही न करता पाळली जाते. युरोपात २०१७ च्या निकषांनुसार मोठ्या जुन्या दगडी कोळशाच्या संचांनाही वरची पातळी ४ मायक्रोग्रॅम आहे. चिमणीचा दाखला स्वच्छ आहे म्हणून हवेत काय उतरते हे विचारायचे नाही, असे म्हणता येणार नाही.

तोच हिशेब पूर्ण केंद्राला लावा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ते सत्तर टक्के भाराने चालले आणि युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा लागला, असे धरले तर दिवसाला तीस हजार टनांहून अधिक कोळसा जळतो, आणि त्याच्याबरोबर रोज सुमारे पाच किलो पारा भट्टीत जातो. हा माझा ढोबळ अंदाज आहे. त्यातला किती राखेत राहतो, किती हवेत जातो, हे मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. घुग्घुसचा स्पंज आयर्न आणि राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट वेगळेच. २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे होते. त्या यादीने आमचे नाव देशभर झाले, आणि तरीही पाऱ्याचा रकाना रिकामाच राहिला.

हे काम आत्ताच का हवे, तेही सांगतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सल्फर काढणाऱ्या एफजीडी संयंत्रांची सक्ती बहुतेक वीज केंद्रांवरून उठवली. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या आणि हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या दहा किलोमीटर परिसरातली केंद्रे मात्र वेगळ्या गटात ठेवली, त्यांचा निर्णय एकेका केंद्रागणिक व्हायचा आहे. चंद्रपूर त्या गटात येते. एफजीडीतल्या चुन्याच्या ओल्या फवाऱ्यात सल्फरबरोबर ऑक्सिडीकृत पाराही विरघळून पकडला जातो, तोच, जो जवळच्या मुलखात उतरतो. तेव्हा एफजीडी हवे की नको हे केवळ सल्फरच्या आकड्यांवर ठरवले गेले, तर निम्मा जमाखर्च लपून राहील. त्या निर्णयापुढे चंद्रपूरच्या हवेतल्या, पावसातल्या आणि पाल्यातल्या पाऱ्याचे खरे आकडे ठेवण्याची जबाबदारी मंडळाची आहे.

आणखी एक गोष्ट मंडळ आजच्या आज करू शकते, त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. परिपत्रक काढावे, की ज्या अहवालात पाऱ्यासमोर नुसते ‘बीडीएल’ असेल तो अपुरा मानून परत पाठवला जाईल. पद्धत कोणती, किती घनमीटर हवा ओढली, मोजमापाची किमान मर्यादा किती, ब्लँक किती आले आणि अंशांकन कधी केले, हे पाच तपशील नसतील तर तो आकडा ग्राह्य धरू नये. आणि जी मर्यादा घनमीटरला अर्ध्या नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असेल, ती बाहेरच्या हवेसाठी अपात्र ठरवावी. एवढ्याने खाजगी प्रयोगशाळांना योग्य पद्धत स्वीकारावी लागेल, किंवा आपल्याला हे मोजता येत नाही असे लिहून द्यावे लागेल. दोन्हींतून लोकांना सत्यच कळेल. मोजलेले सगळे आकडे, कच्चे, तारखेसह, मराठीतल्या खुलाशासकट मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावेत. ग्रामपंचायतींनाही पाठवावेत.

माणसे नाहीत, हे कारण असेल तर चंद्रपूरमध्ये माणसे आहेत. इथल्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेले आम्ही काही प्राध्यापक आणि प्रयोगशाळा सहायक आहोत, आणि आमचे विद्यार्थी गावोगावी शिक्षक आहेत. सॅम्पलर टांगणे, तारीख लिहिणे, तीन महिन्यांनी झाकण घट्ट लावून काढणे, पावसाची बाटली बदलणे, ही कामे आम्ही विनामोबदला करू. मोजणीचे काम मात्र मंडळाने स्वतःच्या स्वच्छ प्रयोगशाळेत, किंवा ज्या राष्ट्रीय संस्थेकडे तशी प्रयोगशाळा आहे तिच्याकडून करून घ्यावे, आणि दहा टक्के नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला द्यावेत. हिवाळ्यात धूर खाली दबून राहतो. त्याआधी पहिले सॅम्पलर लागावेत म्हणून दिवाळीपूर्वी चंद्रपूरच्या प्रादेशिक कार्यालयात बैठक बोलवावी, ही विनंती. जागांचा नकाशा, वाऱ्याच्या दिशांसह, आम्ही तयार करून ठेवतो.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
चंद्रपूर